फाशी कोणाला आणि कशावरून? नाशिकच्या एका खटल्यामागचा सव्वाशे वर्षांचा इतिहास

जून २००६ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयाने दरोडा, बलात्कार आणि पाच जणांच्या खुनाच्या खटल्यात सहा जणांना फाशी सुनावली. मार्च २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांतल्या तिघांची फाशी कायम केली आणि तिघांची शिक्षा जन्मठेपेवर आणली. ३० एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारचे अपील मान्य करून सहाही जणांना फाशी ठोठावली. पुढे ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले. गुन्हा एकच, साक्षीदार तेच, कागदपत्रे तीच, आणि फाशीस पात्र ठरलेल्यांचा आकडा मात्र सहा, तीन, पुन्हा सहा आणि शेवटी शून्य.

एकाच खटल्यात असे कसे होऊ शकते, हे समजायला फाशीचा कायदा कोणत्या वाटेने इथवर आला ते पाहावे लागते.

१८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत खुनाला फाशी हाच नियम होता. कलम ३६७(५) प्रमाणे न्यायाधीशाने फाशी दिली नाही, तर ती का दिली नाही याचे कारण लिहावे लागे. नाशिकला त्या काळाची ओळख आहे. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सन यांच्यावर गोळ्या झाडल्या. १९ एप्रिल १९१० रोजी कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. घटनेपासून फाशीपर्यंत पुरते चार महिनेही गेले नाहीत. कान्हेरे अवघे अठरा वर्षांचे होते. त्यांचा खटला राजकीय होता, साध्या खुनाच्या पंक्तीत तो बसत नाही. पण आरोपीचे वय काय, तो कोणत्या परिस्थितीतून आला, हे प्रश्न शिक्षा ठरवताना किती दूर राहू शकत होते, हे त्यातून दिसते.

स्वातंत्र्यानंतर १९५५ च्या दुरुस्तीने कारण लिहिण्याची ती अट काढून टाकली. फाशी आणि जन्मठेप एका पातळीवर आल्या. मग १९७३ च्या नव्या संहितेने तराजू उलटा फिरवला. कलम ३५४(३) प्रमाणे फाशी द्यायची असेल तर ‘विशेष कारणे’ नोंदवणे बंधनकारक झाले. कलम २३५(२) प्रमाणे दोष सिद्ध झाल्यावर शिक्षेच्या प्रश्नावर आरोपीचे म्हणणे वेगळे ऐकून घेणेही आवश्यक ठरले. पंचाहत्तर वर्षांत नियमाचा अपवाद झाला आणि अपवादाचा नियम. संसदेने टाकलेले हे पाऊल फार मोठे होते. त्याच्या मागे न्यायालयांची सवय तेवढ्या वेगाने बदलली नाही, आणि पुढच्या गोंधळाचे मूळ मला तिथेच दिसते.

१९८० मध्ये बचनसिंग खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने फाशी घटनेशी सुसंगत ठरवली. मात्र ती ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ प्रकरणातच द्यावी आणि दुसरा पर्याय निर्विवादपणे बंद झाला असेल तेव्हाच द्यावी, अशी मर्यादा घातली. गुन्ह्याइतकेच गुन्हेगाराकडेही पाहायला सांगितले: त्याचे वय, मानसिक अवस्था, सुधारण्याची शक्यता. तो सुधारू शकत नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षावर टाकली. याहून पक्के नियम आखून द्यायला बहुमताने नकार दिला. न्यायाधीशाचा अनुभवी विवेक पुरेसा आहे, असा विश्वास त्यामागे होता. न्या. पी. एन. भगवती यांना तो विश्वास वाटला नाही. आरोपी जगेल की मरेल हे खंडपीठावर कोण बसले आहे यावर ठरेल, असा इशारा त्यांनी १९८२ मध्ये दिलेल्या विरोधी निकालात दिला.

तो इशारा देण्याआधीच एका माणसाच्या बाबतीत तो खरा ठरून गेला होता. उत्तर प्रदेशातील एका कुटुंबाच्या हत्येत जीतासिंग, काश्मिरासिंग आणि हरबन्ससिंग यांना सारख्याच भूमिकेसाठी फाशीची शिक्षा झाली होती. तिघांची प्रकरणे सर्वोच्च न्यायालयात वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या खंडपीठांपुढे गेली. जीतासिंगची याचिका १९७६ मध्ये फेटाळली गेली. काश्मिरासिंगची फाशी १९७७ मध्ये जन्मठेपेत बदलली. हरबन्ससिंगची याचिका १९७८ मध्ये फेटाळली गेली. ६ ऑक्टोबर १९८१ रोजी जीतासिंगला फाशी देण्यात आली. हरबन्ससिंगने नव्याने अर्ज केला म्हणून त्याची फाशी थांबली, आणि तेव्हा कुठे सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या खंडपीठापुढे हा सगळा प्रकार उघड झाला. न्यायालयाने हरबन्ससिंगची शिक्षा बदलण्याची शिफारस राष्ट्रपतींकडे केली. फाशी देण्यापूर्वी सहआरोपीची शिक्षा कमी झाली आहे का, हे तपासून घेण्याचा दंडकही घातला. जीतासिंगला त्याचा काही उपयोग नव्हता.

१९८३ च्या मच्छीसिंग निकालाने फाशी देता येईल अशा गुन्ह्यांचे पाच प्रकार सांगितले आणि समाजाच्या सामूहिक सदसद्विवेकबुद्धीला बसलेल्या धक्क्याची भाषा आणली. यानंतर हळूहळू गुन्हेगार मागे पडला आणि गुन्हा पुढे आला. डिसेंबर १९९५ मध्ये राजस्थानातील रावजी खटल्यात तर दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने शिक्षेसाठी गुन्ह्याचे स्वरूप आणि गांभीर्यच महत्त्वाचे, गुन्हेगार नव्हे, असे म्हटले. बचनसिंग खटल्यात पाच न्यायमूर्तींनी सांगितलेल्याच्या हे थेट विरुद्ध होते. मे १९९६ मध्ये रावजीला प्रत्यक्ष फाशी देण्यात आली. त्या निकालाचा आधार पुढची अनेक वर्षे घेतला जात राहिला, आणि नाशिकच्या सहा जणांना फाशी देणाऱ्या ३० एप्रिल २००९ च्या निकालातही तो घेतला गेला.

अवघ्या तेरा दिवसांनी, १३ मे २००९ रोजी, महाराष्ट्रातल्याच बरियार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या दुसऱ्या खंडपीठाने सांगितले की रावजीचा निकाल बचनसिंगकडे दुर्लक्ष करून दिला गेला होता, त्यामुळे तो आधार म्हणून वापरता येणार नाही. नाशिकचे प्रकरण दोन आठवडे उशिरा निकालाला आले असते तर? हा प्रश्न कायद्याच्या वर्गातला नाही. सहा माणसे फाशीच्या छायेत होती आणि पुढे त्यांची पुनर्विलोकन याचिकाही (त्याच न्यायालयाने आपला निकाल पुन्हा तपासावा, अशी मागणी) फेटाळली गेली. २०१२ मध्ये चौदा निवृत्त न्यायाधीशांनी अशा चुकीच्या आधारावर फाशीची शिक्षा झालेल्या तेरा कैद्यांसाठी राष्ट्रपतींना पत्रे लिहिली. त्याच वर्षी नाशिकच्या सहापैकी एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन असल्याचे निष्पन्न झाले.

२०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की फाशीच्या प्रकरणातील पुनर्विलोकन याचिका बंद दाराआड न ठेवता खुल्या न्यायालयात ऐकली पाहिजे. त्या आधारे ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी नाशिकचे प्रकरण पुन्हा उघडले. न्या. सिकरी, न्या. नझीर आणि न्या. शहा यांनी पुरावा नव्याने तपासला. ५ जून २००३ च्या त्या रात्री एका कुटुंबावर जे ओढवले ते इथे पुन्हा मांडायची गरज नाही. महत्त्वाचे हे की वाचलेल्या महिलेने दोनच दिवसांत पोलिसांकडच्या फोटोंमधून चार माणसांना ओळखले होते आणि तसा जबाब विशेष कार्यकारी दंडाधिकाऱ्यांपुढे नोंदला गेला होता. ते चौघे या सहा जणांपैकी नव्हते. त्या चौघांवर खटला चालला नाही. हे सहा जण भटक्या जमातीतले, मजुरीवर जगणारे. त्यांना खोटे गोवले गेले, असे म्हणून न्यायालयाने प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई आणि दोषी पोलीस अधिकाऱ्यांवर कारवाईचा आदेश दिला. त्यांच्या आयुष्याची सोळा वर्षे तुरुंगात गेली होती.

फाशीतल्या विसंगतीची चर्चा बहुधा शिक्षेपुरती राहते: याला फाशी, त्याला जन्मठेप का? नाशिकचा खटला त्यापुढचे सांगतो. गुन्ह्याच्या क्रौर्यावर सगळी नजर खिळली की आरोपी कोण हे पाहणे सुटते, आणि मग आरोपी खरा आहे का हे पाहणेही सुटते. २००७ आणि २००९ चे निकाल एकमेकांशी वाद घालत होते तो फाशी किती जणांना द्यावी यावर. चार फोटोंचा जबाब तेव्हाही कागदपत्रांत होताच. खरे गुन्हेगार मोकळे राहिले, म्हणजे त्या कुटुंबालाही न्याय मिळाला नाही.

पीडितांच्या बाजूने पाहिले तरी एकसारखेपणाचा प्रश्न सुटत नाही. खैरलांजी हत्याकांडात भंडाऱ्याच्या न्यायालयाने २००८ मध्ये सहा जणांना फाशी दिली आणि २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने ती पंचवीस वर्षांच्या कैदेवर आणली. सोनईत २०१३ च्या पहिल्याच दिवशी तीन दलित तरुणांची हत्या झाली. तो खटला नगरहून नाशिकला आणण्यात आला आणि २० जानेवारी २०१८ रोजी इथल्या सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशी सुनावली. जातीय अत्याचारात मारल्या गेलेल्यांच्या नातेवाइकांना एका ठिकाणी एक माप आणि दुसऱ्या ठिकाणी दुसरे का, हे विचारण्याचा पूर्ण हक्क आहे. त्यांना पटेल असे उत्तर आजच्या कायद्यात नाही.

न्यायालयांनी हे स्वतःही मान्य केले आहे. २००८ च्या स्वामी श्रद्धानंद निकालात शिक्षा न्यायाधीशांच्या व्यक्तिगत कलावर अवलंबून राहते, अशी कबुली आहे. न्या. ए. पी. शहा यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने ऑगस्ट २०१५ च्या २६२ व्या अहवालात दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्ध वगळता फाशी रद्द करण्याची शिफारस केली, त्यामागे हाच लहरीपणा मोठे कारण होता. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात फाशीच्या कैद्यांपैकी ७४.१ टक्के आर्थिकदृष्ट्या दुर्बल असल्याचे आढळले. चांगला वकील, जुनी कागदपत्रे शोधणारा माणूस, मानसोपचारतज्ज्ञाचा अहवाल, या सगळ्याला पैसा लागतो.

मे २०२२ मध्ये मध्य प्रदेशातील मनोज खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रथमच ठोस पद्धत घालून दिली. आरोपीची कौटुंबिक व शैक्षणिक माहिती, मानसिक तपासणी, तुरुंगातील वागणुकीचा अहवाल हे सत्र न्यायालयाच्या टप्प्यावरच समोर यावे, अशी ती पद्धत आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये शिक्षेच्या सुनावणीला खरी, अर्थपूर्ण संधी म्हणजे काय, हा प्रश्न पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाकडे सोपवण्यात आला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने ‘विशेष कारणां’ची अट कलम ३९३(३) मध्ये तशीच ठेवली, पण ती कारणे कोणती आणि कशी तपासायची याबद्दल काही भर घातली नाही. त्यामुळे जिल्ह्याच्या न्यायालयात फाशीची शक्यता असलेला खटला उभा राहतो तेव्हा आरोपीच्या घरी, गावी, शाळेत जाऊन माहिती गोळा करण्याचे काम परिवीक्षा (प्रोबेशन) अधिकारी आणि विधी सेवा प्राधिकरणाचा वकील किती मनापासून करतात, त्यासाठी त्यांना किती दिवस आणि किती पैसे मिळतात, यावर पुष्कळ काही ठरते.