घडत्या जगातला देव: या विचाराची पार्श्वभूमी

उत्क्रांती आणि देव हा विषय निघाला की लोक लगेच डार्विन विरुद्ध चर्च या भांडणावर येतात. भांडण झालंच होतं, पण १८५९ मध्ये डार्विनचं पुस्तक आल्यानंतरच्या पन्नास-साठ वर्षांत काही लोकांना वेगळाच प्रश्न छळायला लागला, की जग जर अजून घडतंच आहे तर देव सगळं आधीच बनवून बाजूला बसलाय असं कसं म्हणायचं? याला पहिला मोठा जोर दिला फ्रान्सच्या आँरी बर्गसाँ या तत्त्वज्ञाने, १९०७ मध्ये. जीवन ठरलेल्या आराखड्यावर चालत नाही, ते सतत नवं काही निर्माण करत जातं, असं त्याचं म्हणणं. रोमने, म्हणजे कॅथलिक चर्चने, १९१४ मध्ये त्याची पुस्तकं आपल्या लोकांनी वाचू नयेत अशा पुस्तकांच्या वर्ज्य यादीत टाकली.

बर्गसाँ वाचून हललेला एक तरुण म्हणजे तेयार द शार्दँ. हा जेझुइट (कॅथलिक चर्चमधला एक संघ) पाद्री आणि जीवाश्मांचा अभ्यासक, दोन्ही मनापासून. पहिल्या महायुद्धात तो आघाडीवर स्ट्रेचर उचलायचा, जखमींना गोळीबारातून मागे आणायचा, आणि त्याचे पहिले महत्त्वाचे लेख त्याच काळातले आहेत. मला ही गोष्ट फार मोठी वाटते, कारण जग देवाकडे चाललंय असं आरामखुर्चीत बसून म्हणणं वेगळं आणि मढी उचलता उचलता म्हणणं वेगळं. पुढे आदिपापाबद्दल, म्हणजे आदाम-हव्वेपासून माणसाला चिकटलेल्या पापाबद्दल, त्याने केलेलं एक टिपण रोमला गेलं, ते तिथे रुचलं नाही, पॅरिसमधलं शिकवणं सुटलं आणि त्याचा बहुतेक काळ चीनमध्ये गेला. १९२३ मध्ये तिथल्या ऑर्डॉसच्या वाळवंटात मिस्सा, म्हणजे पाव आणि वाइन अर्पण करायची कॅथलिक उपासना, करायला ना पाव होता ना वाइन, तर त्याने अख्खी पृथ्वीच वेदी मानली, त्या दिवशी जगात जे काही वाढणार ते सगळं पाव म्हणून आणि जे काही सोसलं जाणार ते वाइन म्हणून अर्पण केलं. पदार्थातून जीव, जीवातून विचार, आणि शेवटी सगळं जिथे एकवटेल तो ओमेगा बिंदू, म्हणजे त्याच्या मते ख्रिस्तच, अशी त्याची मांडणी. १९३५ मध्ये तो खोदकामाच्या मोहिमेसोबत भारतातही येऊन गेला होता. त्याचं मुख्य पुस्तक मात्र छापायला परवानगी मिळाली नाही, ते आलं १९५५ मध्ये, तो गेल्यानंतर.

आता गंमत बघा, १५ ऑगस्ट १९१४ ला, म्हणजे युरोपात युद्ध पेटून दोन आठवडेच झाले होते, पाँडिचेरीत अरविंद घोषांनी ‘आर्य’ मासिक सुरू केलं आणि त्यातून क्रमशः जवळपास हाच विचार मांडला, तोही वेदान्ताच्या बाजूने. चैतन्य आधी जडात उतरून दडलेलं आहे म्हणूनच ते उत्क्रांतीत वर येतं, आणि माणूस हा शेवटचा टप्पा नाही. तेयार आणि अरविंद यांची कधी भेट नाही. आणि अरविंदांच्या या प्रवासात एक मराठी माणूस आहे, योगी विष्णु भास्कर लेले, हे आपल्याकडेही कमी लोकांना माहीत असतं. सुरत काँग्रेस फुटल्यावर, जानेवारी १९०८ मध्ये, बडोद्यात लेल्यांनी त्यांना तीन दिवस एका खोलीत बसवलं आणि सांगितलं की विचार बाहेरून येतात, ते आत शिरण्याआधीच परतवा. मन इतकं शांत झालं की मुंबईत भाषण कसं करायचं हाच प्रश्न पडला. लेले म्हणाले, श्रोत्यांना नमस्कार करा आणि थांबा, बोलणं येईल. आणि आलंसुद्धा.

इथे बरेच जण म्हणतात की हे सगळं ज्ञानोबांच्या चिद्विलासात आहेच. अर्धं खरं आहे ते. जग ही चैतन्याचीच लीला हे अमृतानुभवात आहे, पण काळाच्या ओघात जग बदलत बदलत वरच्या पायरीला जातं हे तिथे नाही, ते डार्विननंतरच येऊ शकलं.

तिसरा माणूस इंग्लंडचा तत्त्वज्ञ व्हाइटहेड, मूळचा गणिती. त्याचा धाकटा मुलगा एरिक १९१८ मध्ये लढाऊ विमानदलात मारला गेला, आणि ‘प्रोसेस अँड रिअ‍ॅलिटी’ आलं १९२९ मध्ये. त्याचा देव हुकूम सोडत नाही, तो प्रत्येक क्षणी चांगल्या शक्यतेची ओढ लावतो, ऐकायचं की नाही हे जगाच्या हातात, आणि जगात जे घडतं ते त्या देवालाही लागतं, तो सोबत सोसणारा आहे. त्याच्याकडे ओमेगा वगैरे शेवट नाही, आणि मला तिघांत हाच जास्त पटतो, कारण शेवट चांगलाच होणार असं धरलं की मधल्या मढ्यांचा हिशोब फार सहज लागतो.

पुढे अमेरिकेत हार्टशॉर्न आणि जॉन कॉब या विचारवंतांनी व्हाइटहेडच्या या विचारातून प्रोसेस थिऑलॉजी, म्हणजे घडत्या जगासोबत असणाऱ्या देवाचं धर्मशास्त्र, उभी केली, १९७३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या क्लेरमाँटला तिचं अभ्यासकेंद्र निघालं, पर्यावरणाच्या प्रश्नाकडेही ही मंडळी लवकर वळली. तेयारच्या लेखनाबद्दल रोमने १९६२ मध्ये इशारा काढला होता, आणि २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांच्या पर्यावरणावरच्या पत्रात, तळटीपेत का होईना, त्याचं नाव मानाने आलं.