ऑटिझम: चाकं फिरवत बसलेलं मूल पॅन्ट घालायला कसं शिकतं?

दोन वर्षांच्या पोराला खेळण्यातली गाडी दिली तर ते काय करेल? घुर्रर्र करत जमिनीवर पळवेल, सोफ्यावर नेऊन आपटेल आणि आपटली की आईकडे बघून हसेल. ऑटिझम (स्वमग्नता, म्हणजे मेंदूची वाढ वेगळ्या पद्धतीने होते आणि बोलणं, इतरांत मिसळणं अवघड जातं) असलेलं मूल बऱ्याचदा तीच गाडी उलटी करतं आणि चाक फिरवत बसतं, डोळ्याजवळ नेऊन, परत परत, कितीही वेळ. घरचे आधी म्हणतात बघा किती शांत आहे, एकटं रमतं, काही त्रास नाही. मग मूल तीन वर्षांचं झालं, बोलत नाही हे लक्षात आलं, की हेच घरचे गाडी हातातून हिसकावून घ्यायला लागतात. माझ्या मते दोन्हीत गडबड आहे.

हे चाक प्रकरण जुनंच आहे. १९४३ मध्ये अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या डॉ. लिओ कॅनर यांनी ११ मुलांबद्दल जो प्रसिद्ध पेपर लिहिला त्यातल्या पहिल्याच मुलाला ठोकळे, भांडी, जे गोल मिळेल ते गरगर फिरवायचं वेड होतं. नंतर २००८ मध्ये कॅलिफोर्नियात सॅली ओझोनॉफ यांच्या टीमने एक वर्षाच्या बाळांच्या हातात साध्या वस्तू देऊन बघितलं, आणि ज्यांना पुढे ऑटिझमचं निदान झालं ती बाळं वस्तू फिरवणं, डोळ्याच्या कोपऱ्यातून निरखत राहणं हे बाकीच्यांपेक्षा जास्त करत होती. म्हणजे बघा, बोलायचं वय व्हायच्या आधीच खेळ काहीतरी सांगत असतो, आणि आपल्याकडे मात्र "याचा बाबा पण उशिराच बोलला होता" यात दोन वर्षं निघून जातात.

खेळाला पायऱ्या असतात. आधी सगळीच बाळं वस्तू तोंडात घालतात, आपटतात, फेकतात. वर्षाच्या पुढेमागे वस्तू जशी वापरायची तशी वापरायला लागतात, कंगवा केसाला, मोबाइल कानाला. आणि दीड वर्षाच्या आसपास खोटं खोटं सुरू होतं, रिकाम्या कपातून फुर्र करून चहा पिणं, मग बाहुलीला भरवणं, आणि हळूहळू अख्खी भातुकली. भातुकलीत किती काय लागतं याचा आपण विचारच करत नाही, आई काय करते ते बघून ठेवायचं, वाटीत भात नाहीये हे माहीत असून आहे असं धरायचं, आणि समोरच्यानेही तसंच धरलंय हे ओळखायचं. ऑटिझममध्ये नेमकं इथेच अडतं. म्हणून तर लहान मुलांच्या ऑटिझमच्या तपासणीत "मूल खोटं खोटं खेळतं का" हा प्रश्न हमखास असतो.

पण अडतं म्हणजे येतच नाही असं नाही, आणि ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ब्रिटनमध्ये विकी लुईस आणि जिल बाउचर यांनी १९८८ मध्ये दाखवलं की समोरच्याने सुचवलं, थोडी सुरुवात करून दिली, तर ही मुलं सुद्धा खोटं खोटं खेळू शकतात. एरवी आपणहून मात्र कमी खेळतात. मग प्रश्न असा उरतो की सुरुवात कशी करून द्यायची.

लॉस एंजेलिसमध्ये कॉनी कसारी यांच्या टीमने यावर बरंच काम केलंय. २००६ च्या त्यांच्या अभ्यासात तीन-चार वर्षांची ५८ मुलं होती. काहींना रोज अर्धा तास खेळायला शिकवलं, काहींना दुसऱ्यासोबत एकाच गोष्टीकडे लक्ष द्यायला शिकवलं, काहींची फक्त नेहमीची थेरपी चालू ठेवली, आणि हे सगळं फक्त पाच-सहा आठवडे. पाच वर्षांनी त्यातली ४० मुलं परत भेटली तेव्हा ८० टक्के मुलं कामापुरतं बोलत होती, आणि कोण बोलेल याचा अंदाज सुरुवातीला मूल खेळाच्या कुठल्या पायरीवर होतं त्यावरून लागत होता. अर्थात सगळं श्रेय या अर्ध्या तासाला देता येणार नाही, कारण या सगळ्याच मुलांची रोजची बरीच तास थेरपी वेगळी चालू होती.

पद्धत ऐकायला अगदी सोपी आहे. मूल चाक फिरवतंय ना, मग तुम्ही समोर जमिनीवर बसा, दुसरी गाडी घ्या आणि तुम्हीही चाक फिरवा. प्रश्न विचारू नका, "हे काय आहे, कलर कुठला" अजिबात नको. थांबा. मुलाने एकदा तुमच्या हाताकडे बघितलं की मग गाडी सरळ करून थोडी त्याच्याकडे ढकला. एकच पायरी वर. चाकावरून थेट भातुकलीवर उडी मारली तर मूल उठून जातं, आणि मग आपण म्हणतो याला खेळायचंच नाही.

हे करायला मोठा एक्स्पर्टच लागतो असंही नाही. गोव्यात संगाथ या संस्थेत आणि पाकिस्तानात रावळपिंडीला एकत्र एक अभ्यास झाला, २०१६ मध्ये छापून आला, २ ते ९ वर्षांची ६५ मुलं होती. डॉक्टर नाहीत, थेरपिस्ट नाहीत, ट्रेनिंग दिलेले साधे आरोग्य कार्यकर्ते. आई-बाबा मुलाशी खेळतानाचा व्हिडिओ घ्यायचा आणि मग तो आई-बाबांसोबत बसून बघायचा, कुठे मुलाने इशारा दिला, कुठे तो निसटला. आई-बाबा मुलाच्या कलाने जास्त प्रतिसाद द्यायला लागले आणि मुलं आपणहून जास्त संवाद सुरू करायला लागली. दोघांनी मिळून एका गोष्टीत रमण्याचा वेळ मात्र वाढला नाही, उलट कमीच भरला.

आता पॅन्टकडे येऊ. रोजची कामं, म्हणजे जेवणं, कपडे, शी-शू, दात घासणं, ही मोजायला १९३५ साली अमेरिकेत एडगर डॉल यांनी एक स्केल बनवली, आणि तिचं भारतीय रूप तयार केलं ते नागपूरच्या डॉ. मालिन यांनी. ऑटिझममध्ये गंमत अशी की बुद्धी आणि ही कामं बरोबरीने चालत नाहीत. एबीसीडी, शंभरपर्यंत आकडे, कारचे सगळे ब्रँड पाठ, आणि पॅन्ट आई घालतेय, अशी कितीतरी मुलं असतात. कारण बाकीची मुलं ही कामं मोठ्यांची नक्कल करत करत उचलतात, आणि इथे नक्कलच कमी. वर बोटांचा कंट्रोल कमी, टूथब्रश तोंडात टोचतो, जाड कापड सहन होत नाही. आणि आपल्याकडे पाच वर्षांच्या मुलालाही आजी प्रेमाने भरवते, त्यामुळे ते काम येत नाही हे कळतच नाही!

पॅन्ट शिकवायची तर शेवटापासून शिकवतात. सगळं तुम्ही करा, फक्त गुडघ्यापासून कमरेपर्यंत ओढायचं काम मुलाचं, म्हणजे काम पूर्ण झाल्याचा आनंद त्याला मिळतो. ते जमलं की घोट्यापासून, मग एक पाय घालण्यापासून. इलॅस्टिकवाली घ्या, बटण-चेनच्या नादी आत्ता लागू नका. पायऱ्यांचे फोटो काढून कपाटावर चिकटवले तर तोंडी सूचनांची कटकट कमी होते, कारण यातल्या बऱ्याच मुलांना ऐकण्यापेक्षा बघून पटकन कळतं. आणि सेंटरमध्ये शिकलेलं घरी आपोआप येईल असं समजू नका, तिथे नळ वरचा आणि घरी बादली-मग, तिथे कमोड आणि गावाला भारतीय संडास, मुलासाठी ती सगळी वेगळीच कामं असतात, त्यामुळे जिथे करायचं तिथेच शिकवावं लागतं.

शंका असेल तर सरकारी व्यवस्था आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाला, त्यात ऑटिझमची तपासणीही येते, आणि त्याची मुलांच्या विकासाची केंद्रं जिल्हा पातळीवर आहेत. जाताना घरी मूल एकटं खेळतानाचा आणि जेवतानाचा छोटा व्हिडिओ मोबाइलमध्ये घेऊन जा, कारण तिथल्या अनोळखी खोलीत ते बहुतेक फक्त रडेल किंवा पंख्याकडे बघत बसेल.