'फास्ट' काठी, 'फास्ट' रीळ: बासच्या सामानाची पार्श्वभूमी

पुण्यात गळ टाकणाऱ्यांच्या तोंडी गेल्या दहा-पंधरा वर्षांत 'बास रॉड' हा शब्द चांगलाच रुळलाय. बास नावाचा मासा मात्र पानशेत, पवना, मुळशी, उजनी, कुठल्याच पाण्यात नाही. आपल्याकडे 'बास' म्हणजे पुरे, आता वाढू नका, एवढंच. काठी घेतली जाते ती मरळीसाठी, आणि त्यात वावगं काही नाही. अमेरिकेतला मोठ्या तोंडाचा बास आणि आपली मरळ यांचं नातं काही नाही, पण दोघांच्या खोडी एकच: उथळ पाणी, शेवाळ, बुडालेली खोडं, दबा धरून बसणं आणि डोक्यावरून बेडूक गेला की झडप. त्यामुळे बाससाठी घडलेली काठी-रीळ इथे छान चालतात. घोळ होतो तो त्यांच्यावर छापलेल्या शब्दांचा.

शब्दांचा घोळ या माशाच्या नशिबातच असावा. १८०२ साली फ्रान्समधल्या निसर्गअभ्यासकाच्या हाती जो नमुना आला, त्याचा पाठीवरचा पर फाटलेला होता. फाटका तुकडा त्याला वेगळा छोटा पर वाटला आणि सगळ्या गटाचं शास्त्रीय नाव 'छोट्या परांचा' असं पडलं. ते आजतागायत तसंच आहे. गंमत म्हणजे हा खऱ्या बास माशांच्या घराण्यातलाही नव्हे.

पुण्याचा गळाशी संबंध जुना. दख्खनच्या महासीराचं पहिलं शास्त्रीय वर्णन १८३९ चं, एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने केलेलं, आणि नमुना आपल्या मुळा-मुठेतला. त्या शतकाच्या उत्तरार्धात साहेबाच्या हातातली काठी चिरलेल्या बांबूच्या पट्ट्या चिकटवून केलेली असे, आणि तो बांबू बहुतेकदा हिंदुस्थानातूनच 'कलकत्ता बांबू' म्हणून परदेशी गेलेला. काठावरच्या बाकी लोकांकडे साधा बांबू आणि तंगूस. खडकवासल्याला बाटलीला गुंडाळलेला तंगूस आणि कणकेची गोळी आजही दिसते, आणि मासाही लागतो.

रिळाच्या दोन घराण्यांत एक घड्याळजीचं, दुसरं गिरणीचं. १९व्या शतकाच्या सुरुवातीला केंटकीतल्या एका घड्याळजीने दात्यांची चाकं बसवून रीळ केलं: हँडलचा एक फेरा, फिरकीचे अनेक. जिवंत छोटा मासा आमिष म्हणून लांब फेकायला ते वापरत, म्हणून 'बेटकास्टर'. आज त्यावर जिवंत आमिष क्वचितच लागतं, नाव राहिलं. फेकताना यात फिरकीच फिरते. आमिष पाण्यावर टेकलं तरी ती थांबत नाही आणि अंगठा वेळेत पडला नाही तर दोरीचा गुंता होतो. माझं पहिलं रीळ मी सोडवायला बसलो तो सूर्य मावळेपर्यंत, शेवटी कात्रीच लावली. दुसरं घराणं १९०५ च्या इंग्रजी पेटंटचं, ब्रॅडफर्डच्या एका कापड गिरणीवाल्याचं. गिरणीतल्या बॉबिनवरून सूत सुटतं तशी यात फिरकी जागची हलत नाही, दोरी कडेवरून निसटत जाते. हेच आपलं 'स्पिनिंग'. हलकं आमिष यावरच नीट जातं.

पुढची वर्षं भराभर. १९३० च्या दशकाअखेर नायलॉन, महायुद्धानंतर फायबरग्लासच्या काठ्या. १९५० च्या दशकात स्वीडनहून लाल रंगाचं एक देखणं बेटकास्टर आलं. तो कारखानाही मुळात घड्याळांचाच. १९६७ मध्ये आर्कान्सामधल्या एका जलाशयावर १०६ जणांची बास स्पर्धा झाली, पुढच्याच वर्षी तिच्या आयोजकाने संघटना काढली आणि तिथून सामानाची दिशा स्पर्धेने ठरवली. स्पर्धेत घड्याळ चालू असतं. जास्त वेळा फेका, लवकर गुंडाळा. १९७३ च्या सुमारास कार्बनच्या, म्हणजे ग्राफाइटच्या, काठ्या बाजारात आल्या आणि तळहातात मावणारी बसकी रिळंही. 'फास्ट' हा शब्द याच धांदलीत डोक्यावर चढला.

त्याचा गुंता नीट पाहण्यासारखा आहे. काठीवर 'फास्ट' छापलेलं असतं तेव्हा ती फक्त शेंड्याकडच्या भागात वाकते, एवढाच अर्थ. 'मॉडरेट' असेल तर मध्यापर्यंत, 'स्लो' असेल तर जवळजवळ मुठीपर्यंत. शब्द वेगाचा, मोजतो वाकण्याची जागा. रिळावर 'फास्ट' म्हणजे दात्यांचं प्रमाण: ७.१ ला १ म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात फिरकीचे ७.१ फेरे. पूर्वी चार-पाच फेऱ्यांवर भागायचं, आता आठच्याही पुढे गेलेत. पण फिरकी लहान असेल तर जास्त फेऱ्यांतही दोरी कमीच येते. त्यामुळे एका फेऱ्याला किती इंच, हा आकडा पाहावा. शिवाय फेरे वाढले की ओढण्याचा जोर कमी होतो, सायकलच्या गिअरसारखा.

तिसरा अर्थ आपण पुणेकरांनी घातला. इथे 'फास्ट काठी' म्हणजे सरसकट 'कडक काठी'. पेठेतल्या एका दुकानात मी हा संवाद समोर ऐकलाय: "काका, फास्टमधलं काही दाखवा ना." काकांनी आठच्या पुढचं रीळ काचेवर ठेवलं. पोराला हवी होती मरळ शेवाळातून उपसणारी काठी. कडकपणा हा वेगळाच रकाना, 'पॉवर': लाइट, मीडियम, मीडियम-हेवी, हेवी. आणि त्याला सर्व कारखान्यांना बांधणारं मोजमाप कुठलंच नाही. एकाची मीडियम-हेवी दुसऱ्याची मीडियम निघते. 'आयएम ६', 'आयएम ७' हे शिक्के मुळात एकाच उत्पादकाच्या कार्बन धाग्यांची नावं होती. आता ते दर्जाच्या पायऱ्यांसारखे कुठेही छापतात. त्यातल्या त्यात भरवशाचा मुठीच्या वरचा बारीक मजकूर: आमिषाचं वजन १/४ ते ३/४ औंस, म्हणजे साधारण ७ ते २१ ग्रॅम.

घरी पाहायचं तर जिन्यात उभं राहून दोरी शेंड्याच्या कडीला बांधावी, खाली अर्धा लिटर पाण्याची भरलेली बाटली लटकवावी आणि हळू उचलावं. मग दुसरी काठी घेऊन तीच बाटली. कुठे वाकली ती अ‍ॅक्शन, किती वाकली ती पॉवर. शेजारी विचारतील, सांगून टाकावं.

१९९० च्या दशकात आजची वेणीची दोरी आली, जिला आपण 'ब्रेड' म्हणतो, आणि मरळीचा खरा फायदा तिच्यामुळे झाला. नायलॉन ताणतो, शेवाळाच्या पलीकडे मरळीने पोकळ रबरी बेडूक धरला तरी झटका गळापर्यंत पोचत नाही. ब्रेड ताणत नाही. पण मग चूक पोटात घालणारं काहीच उरत नाही, सगळा मार काठीवर येतो. म्हणून बेडकाला कडक काठी हे खरंच. तीच काठी चमच्याला (धातूच्या चकाकत्या आमिषाला) किंवा तीन काट्यांच्या आमिषाला लावली की मासा तोंडाशी येऊन सुटतो. मऊ काठ्यांना सध्या कोणी विचारत नाही, हे मला अन्यायाचंच वाटतं.

आणखी एक गोष्ट लेबलावर नसते. बासची सात फुटी बेटकास्टिंग काठी होडीत उभं राहून फेकणाऱ्या माणसासाठी घडली. आपण उभे असतो काठावर, मागे बाभळ, पुढे चिखल, आणि बेडूक आठ-दहा ग्रॅमचा. तिथे मध्यम आकाराचं स्पिनिंग रीळ निमूट काम करतं. तरी पहिल्याच खरेदीत बेटकास्टर घेणारे जास्त, कारण व्हिडिओत तेच असतं.

हे व्हिडिओ आणि माल बराचसा पूर्वेकडून येतो. जपानमध्ये बास १९२५ साली हाकोनेजवळच्या आशी सरोवरात एका उद्योजकाने सोडला. पुढे तिथे त्याचं वेड लागलं आणि जगातली नावाजलेली रिळं तिथे घडू लागली. २००५ मध्ये त्याच देशाने बासला घातक परक्या प्रजातींच्या यादीत टाकलं, शौकीन आणि पर्यावरणवाले तेव्हा चांगलेच भिडले होते. (आपल्या धरणांत बास आणून सोडू म्हणणाऱ्यांनी हे वाचलेलं बरं.) त्याच जपानात मरळीच्या जातीचा परका मासाही आहे आणि त्याच्यासाठी स्वतंत्र, बासपेक्षा कितीतरी दणकट काठ्या निघतात. तशी एक काठी मागच्या पावसाळ्याआधी उजनीच्या फुगवट्यावर हातात घेऊन पाहिली. मुठीवर मरळीचं चित्र, खाली सोनेरी अक्षरांत 'फास्ट'.