ही क्वेरी जाणार कुठे?

पीएचपी या वेबसाइटी बनवायच्या भाषेतल्या जुन्या कोडमध्ये डेटाबेसची जोडणी म्हणजे 'मायएसक्यूएल_कनेक्ट' ही एक ओळ. क्वेरी, म्हणजे डेटाबेसला घातलेला सवाल किंवा हुकूम, कोणत्या कनेक्शनवर चालवायची हे सांगितलं नाही, तर शेवटचं उघडलेलं कनेक्शन धरलं जाई. डेटाबेस एकच होता तोवर छानच. दुसरा सर्व्हर आला आणि मधल्या कुठल्याशा फंक्शनने त्याच्याशी कनेक्शन उघडलं, की पुढची क्वेरी गुपचूप भलतीकडे. गंमत म्हणजे होस्ट, युजर, पासवर्ड तेच असतील तर दुसऱ्यांदा कनेक्ट करूनही जुनंच कनेक्शन हाती यायचं. त्यावर डेटाबेस बदलला की पहिल्याचाही बदलला! 'नवंच हवं' असं बजावणारा चौथा पॅरामीटर पीएचपी 4.2मध्ये आला. हे फंक्शन ज्यात होतं ते एक्स्टेन्शनच (पीएचपीचा जोडभाग) 2015 साली पीएचपी 7मधून काढलं गेलं.

दुसरा सर्व्हर मुळात आला तो भार वाढल्यामुळे. लिहायचं ते मुख्य सर्व्हरवर, म्हणजे प्रायमरीवर, वाचायचं ते त्याच्या प्रतींवर, म्हणजे रेप्लिकांवर. ब्रॅड फिट्झपॅट्रिकच्या लाइव्हजर्नल या ब्लॉगिंग साइटने त्यापुढे जाऊन युजरच वेगवेगळ्या क्लस्टरांत (सर्व्हरांच्या गटांत) वाटले. मग आधी मध्यवर्ती डेटाबेसला विचारायचं, हा युजर राहतो कुठे, आणि मग तिकडचं दार ठोठवायचं.

दारं वाढली तशी कनेक्शनं मोजायची पाळी आली. पोस्टग्रेस हा डेटाबेस प्रत्येक कनेक्शनला वेगळी प्रोसेस देतो आणि मूळ मर्यादा 100. वीस ॲप सर्व्हर, प्रत्येकाचा पूल (उघडून ठेवलेल्या कनेक्शनांचा साठा) दहाचा, की हिशोब चुकलाच. स्काइपमध्ये तयार झालेला पीजीबाउन्सर हा कनेक्शनं वाटून देणारा मध्यस्थ 2007मध्ये आला तो याच दुखण्यावर. त्याच्या ट्रान्झॅक्शन मोडमध्ये कनेक्शन एका ट्रान्झॅक्शनपुरतंच मिळतं, त्यामुळे थोड्या कनेक्शनांवर पुष्कळ क्लायंट भागतात, पण सेशनमध्ये 'सेट' केलेली गोष्ट पुढच्या क्वेरीला भेटेल याची खात्री नाही. प्रिपेअर्ड स्टेटमेंटांची (आधी तयार करून ठेवलेल्या क्वेरींची) सोय त्या मोडमध्ये 2023मध्ये झाली.

वेब ॲप बांधायच्या तयार सांगाड्यांनी, म्हणजे फ्रेमवर्कांनी, हा निवाडा हळूहळू स्वतःकडे घेतला. जँगो 1.2ने 2010मध्ये राउटर दिले, क्वेरी कोणत्या डेटाबेसकडे जाईल ते ठरवणारे. रेल्स 6 आलं 2019मध्ये. त्यातली स्वयंचलित निवड चालू केली की वाचायच्या रिक्वेस्टा रेप्लिकेकडे जातात, मात्र नुकतंच काही लिहिलेल्या युजरला दोन सेकंद प्रायमरीवरच ठेवलं जातं. हा आकडा बदलता येतो, पण माझ्या मते तो शेवटी अंदाजच. रेप्लिका प्रायमरीच्या पाच सेकंद मागे असेल, तर पत्ता बदलून तीन सेकंदांनी पान रिफ्रेश करणाऱ्याला जुनाच पत्ता दिसतो, आणि तो पुन्हा 'सेव्ह' दाबतो.