रुग्णालय चालवणाऱ्यांचे शिक्षण: एका शतकाची पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकात रुग्णालयाचा कारभार एखादा डॉक्टर, मेट्रन किंवा धर्मसंस्थेतली सिस्टर पाहत असे आणि काम करता करताच ते शिकत असे. निर्जंतुक शस्त्रक्रिया, एक्स-रे आणि प्रयोगशाळा आल्या, पैसे भरणारे रुग्ण येऊ लागले, तेव्हा खरेदी, नोंदी आणि हिशेबाचा पसारा त्यांच्या हाताबाहेर गेला. अमेरिकेत १८९९ मध्ये रुग्णालय अधीक्षकांनी क्लीव्हलँडला संघटना स्थापन केली. तीच पुढे अमेरिकन हॉस्पिटल असोसिएशन झाली. त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या टीचर्स कॉलेजात परिचारिकांसाठी रुग्णालयीन अर्थकारणाचा अभ्यासक्रम सुरू झाला.

कारभार किती ढिसाळ होता हे शल्यचिकित्सकांनी दाखवून दिले. अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सने १०० किंवा अधिक खाटांची ६९२ रुग्णालये तपासली. किमान निकषांत बसली फक्त ८९. निकष साधेच होते: पूर्ण भरलेले केसपेपर, डॉक्टरांच्या नियमित आढावा बैठका, प्रयोगशाळा आणि एक्स-रेची सोय. नामांकित रुग्णालयेही नापास झाल्यामुळे १९१९ मध्ये ती यादी न्यूयॉर्कच्या एका हॉटेलच्या भट्टीत जाळण्यात आली. केसपेपर अपुरे राहिले ते कोणाला औषधशास्त्र येत नव्हते म्हणून नव्हे. ते पूर्ण करून घेण्याची जबाबदारीच कोणाकडे नव्हती.

१९२० च्या दशकात अमेरिकेतल्या मार्क्वेट विद्यापीठाने केलेला रुग्णालय प्रशासनाच्या पदवीचा प्रयोग अल्पायुषी ठरला. मायकेल डेव्हिस यांनी १९३४ मध्ये शिकागो विद्यापीठात सुरू केलेला पदव्युत्तर अभ्यासक्रम मात्र टिकला. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ च्या हिल-बर्टन कायद्याने रुग्णालय बांधणीला सरकारी पैसा मिळाला, केलॉग फाउंडेशन या दानसंस्थेने विद्यापीठांना अनुदान दिले आणि अभ्यासक्रमांची संख्या झपाट्याने वाढली. ब्रिटनमध्ये किंग्ज फंड या धर्मादाय संस्थेने १९५१ मध्ये प्रशासकांसाठी स्वतंत्र महाविद्यालय काढले.

त्या काळचा साचा असा: सुमारे एक वर्ष वर्गात आणि एक वर्ष रुग्णालयात निवासी प्रशिक्षण. प्रशिक्षणार्थी एका अनुभवी प्रशासकाच्या हाताखाली दाखल विभाग, स्टोअर्स, स्वयंपाकघर, धुलाई, नोंदणी कक्ष, लेखा विभाग असे फिरत जाई आणि शेवटी विश्वस्तांच्या बैठकीत बसे. वॉर्डात चादरी कमी पडल्या तर चूक खरेदीची, धुलाईची की परिचारिकांनी करून ठेवलेल्या साठ्याची, हे तिथेच कळते. पुढे बहुतेक ठिकाणी अभ्यासक्रम दोन वर्षे वर्गात आणि मधल्या सुट्टीत काही आठवडे रुग्णालयात असा झाला. वित्त आणि संख्याशास्त्र पक्के झाले, पण आमच्या मते या बदलात मोलाचे काही गमावले. काही आठवड्यांत विभाग पाहून होतात; घेतलेल्या निर्णयाचे परिणाम निस्तरायला मात्र वेळ मिळत नाही.

१९८३ हे वर्ष अमेरिका आणि ब्रिटन या दोन्ही देशांत निर्णायक ठरले. अमेरिकेत मेडिकेअर या ज्येष्ठांसाठीच्या सरकारी विमा योजनेने झालेला खर्च भरून देणे थांबवून निदानगटानुसार, म्हणजे सारख्या आजारांच्या गटानुसार, आधीच ठरवलेली रक्कम देण्याचा कायदा झाला. तोवर लांबलेल्या मुक्कामाचे पैसे मिळत. आता तो अंगावर पडू लागला. मग विद्यार्थ्यांना खाटांचे गणित नव्याने शिकवावे लागले. २०० खाटांपैकी ८५ टक्के भरलेल्या असल्या तर रोज १७० रुग्ण. सरासरी मुक्काम ६ दिवसांचा असेल तर दिवसाला सुमारे २८ डिस्चार्ज, ५ दिवसांचा केला तर ३४. कागदावर तेवढ्याच खाटांत वर्षाला दोन हजारांहून अधिक रुग्ण वाढतात. फसगत इथेच होते. रुग्णाचे पहिले दोन दिवस सर्वाधिक कामाचे असतात, त्यामुळे खाटा तेवढ्याच राहूनही परिचारिका, प्रयोगशाळा आणि फार्मसीवरचा भार वाढतो. मनुष्यबळ खाटा मोजून ठरवले असेल तर वॉर्ड कोलमडतो.

ब्रिटनमध्ये १९७४ पासून डॉक्टर, परिचारिका, प्रशासक आणि खजिनदार एकमताने निर्णय घेत. एकाने नकार दिला तरी काम अडे. सरकारने चौकशीसाठी नेमलेले उद्योगक्षेत्रातले व्यवस्थापक रॉय ग्रिफिथ्स यांनी १९८३ च्या अहवालात एकाच व्यक्तीला उत्तरदायी धरणारी महाव्यवस्थापकाची पद्धत सुचवली. पुढच्या प्रशिक्षणात अर्थसंकल्प आणि उद्दिष्टे केंद्रस्थानी आली.

त्याची दुसरी बाजू इंग्लंडमधल्या स्टॅफर्ड रुग्णालयात उघड झाली. २००६-०७ मध्ये ते चालवणाऱ्या ट्रस्टने एक कोटी पौंडांची कपात करताना दीडशेहून अधिक पदे कमी केली. अपघात विभागात येणाऱ्या रुग्णांची प्राथमिक छाननी वैद्यकीय प्रशिक्षण नसलेले स्वागत कर्मचारी करत होते. या प्रकरणाच्या चौकशीच्या २०१३ च्या फ्रान्सिस अहवालात २९० शिफारशी होत्या आणि त्यांत नेतृत्व प्रशिक्षणाचाही समावेश होता. तेव्हापासून डॉक्टर-परिचारिकांना व्यवस्थापन शिकवण्यावर आणि बिगरवैद्यकीय प्रशासकांना रुग्णसुरक्षेची आकडेवारी वाचायला शिकवण्यावर भर वाढला. पदे कमी करण्यापूर्वी परिचारिका-रुग्ण प्रमाण, रुग्ण पडण्याच्या घटना, शय्याव्रण (पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा) आणि तक्रारी हे चार आकडे खर्चाच्या तक्त्याशेजारी मांडायचे आणि कपातीनंतर दर आठवड्याला तपासायचे, हे प्रशिक्षणार्थीकडून प्रत्यक्ष करून घ्यायला हवे.