कपाटात टांगलेला कोट काय करतो?

माझा एक राखाडी सूट मी दोन वर्षं जपून ठेवला होता. जपून म्हणजे कसा, तर ड्रायक्लीनिंगहून आला त्याच प्लॅस्टिकच्या पिशवीत, त्याच तारेच्या हँगरवर, कपाटाच्या पार आतल्या कोपऱ्यात. शिवाय खाली चार डांबरगोळ्या. बाहेर काढला तेव्हा दोन्ही खांद्यांवर एकेक टेंगूळ उभं होतं, कॉलरला कुबट वास येत होता आणि पँटच्या मांडीवर टाचणीच्या डोक्याएवढी तीन भोकं होती. त्या दोन वर्षांत मी तो एकदाही अंगात घातला नव्हता. शिंपीकाकांनी तो उलटापालटा करून पाहिला आणि एवढंच विचारलं, "पिशवी काढली नव्हती का?"

त्यांच्या प्रश्नात बरंच विज्ञान होतं, हे मला नंतर कळलं.

चांगला सूट बहुधा लोकरीचा असतो आणि लोकर म्हणजे केस. केराटिन या प्रथिनाचे लांबच लांब रेणू स्प्रिंगसारखे वेटोळे घेऊन त्यात बसलेले असतात. १९३०च्या दशकात लीड्स विद्यापीठात विल्यम अ‍ॅस्टबरी यांनी लोकरीचे धागे ताणून त्यांची क्ष-किरण चित्रं घेतली, तेव्हा ताणलेल्या आणि न ताणलेल्या धाग्याची चित्रं वेगवेगळी आली. ताण दिला की वेटोळी उलगडतात, सोडला की पुन्हा मिटतात. त्या वेटोळ्यांचा नेमका आकार १९५१ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला. लोकरीचं कापड चुरगळूनही सावरतं, ते या स्प्रिंगांमुळे.

ही वेटोळी दोन प्रकारच्या बंधांनी जागेवर राहतात. गंधकाचे बंध भक्कम, सहसा हलत नाहीत. हायड्रोजन बंध मात्र नाजूक आणि संख्येने भरपूर. पाण्याचा रेणू आत शिरला की हे नाजूक बंध सुटतात, पाणी निघून गेलं की पुन्हा जुळतात. जुळताना धागा ज्या आकारात असेल, तो आकार पक्का होतो. शिंपी वाफेची इस्त्री फिरवतो तेव्हा हेच करतो. ओल आणि उष्णता देऊन बंध सोडवायचे, कापडाला छातीचा, खांद्याचा गोल द्यायचा आणि ते थंड, कोरडं होईपर्यंत हलू द्यायचं नाही. मापाने शिवलेल्या कोटाचा अर्धा आकार कात्रीने येतो, अर्धा वाफेने. आणि वाफेने आलेला आकार वाफेनेच जाऊही शकतो.

आता पाणी किती, ते पाहा. २० अंश सेल्सियस तापमान आणि ६५ टक्के आर्द्रता असलेल्या खोलीत एक किलो कोरडी लोकर हवेतली साधारण दीडशे ग्रॅम वाफ धरून बसते. हवा अगदी दमट झाली तर तीनशे ग्रॅमच्याही वर जाते, आणि तरीही हाताला ओली लागत नाही. म्हणजे कपाटातला सूट स्वस्थ लटकलेला नसतो. हवेतलं पाणी तो घेत असतो, सोडत असतो, आणि प्रत्येक वेळी आतले बंध सुटून नव्याने जुळत असतात. ते जुळताना कोट कशावर टांगलाय, हे म्हणूनच महत्त्वाचं.

तारेच्या हँगरची जाडी दोन-तीन मिलिमीटर, चांगल्या लाकडी हँगरचा खांदा चार-पाच सेंटिमीटर रुंद. कोटाचं वजन तेच, पण टेकायची जागा पंधरा-वीसपट, म्हणजे दाब तितकाच कमी. तारेवर खांद्याचं कापड आणि आतलं पॅड एका रेघेवर महिनोन्‌महिने दाबलं जातं. त्यात दमट दिवस आले की तोच आकार पक्का होतो. माझी टेंगळं तिथली. हँगरचं टोक बाहीच्या शिवणीच्या सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर आत संपावं. त्यापुढे गेलं तर बाहीला कोपर फुटतं. पँट पायाच्या टोकाशी चिमट्यात धरून उलटी टांगली की तिच्याच वजनाने क्रीज सरळ राहते, हा फुकटचा फायदा.

सूट अंगातून काढला की लगेच कपाटात कोंबू नये, हेही याच हिशेबातलं. दिवसभर अंगाची ऊब आणि घाम मिळून कोपराच्या, गुडघ्याच्या सुरकुत्या बसलेल्या असतात आणि कापड अजून ओलसर असतं. अशा वेळी रुंद हँगरवर, उघड्या हवेत एक रात्र मिळाली तर धाग्यांतली स्प्रिंग बरंच काम स्वतःच करते. तोच सूट दुसऱ्या दिवशी पुन्हा घातला तर तिला सवड मिळत नाही. गरम पाण्याच्या वाफेने भरलेल्या न्हाणीघरात कोट टांगण्याची युक्ती अनेकांना माहीत असते. ती चालते, पण अर्धीच सांगितली जाते. वाफ घेतलेला कोट नीट हँगरवर पूर्ण वाळायला हवा. ओलसर असतानाच दाटीवाटीने कपाटात गेला, तर शेजारच्या कोटाने दिलेली घडीच पक्की होते.

कोटाच्या आत आणखी एक कोट असतो. जुन्या पद्धतीच्या शिवणात छातीशी कॅनव्हास असतो, म्हणजे लोकर, सुती धागा आणि घोड्याचे केस यांचं विणलेलं ताठ कापड, सैल टाक्यांनी धरलेलं. त्याऐवजी फ्यूजिंग असेल तर अस्तराचं कापड गोंदाच्या ठिपक्यांनी आतून चिकटवलेलं असतं, आणि हा गोंद उष्णतेने मऊ होणारा असतो. म्हणून उन्हात तापणाऱ्या जागी तो सुटून छातीवर फुगवटे येऊ शकतात. हवा काढून चपट्या करायच्या पिशव्या दोन्ही प्रकारांना वाईट. रजईसाठी त्या ठीक, पण गोल शिवलेल्या छातीला नाही.

आता पिशवीकडे येतो. प्लॅस्टिकची पातळ पिशवी धुळीपासून वाचवते आणि त्याच वेळी वाफ अडवते. इस्त्रीची उरलेली ओल आतच राहते. रात्री कपाट थंडावलं की आतल्या हवेची सापेक्ष आर्द्रता चढते, कारण थंड हवेत वाफ सामावून घ्यायची क्षमता कमी. आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशीला रान मोकळं मिळतं. बाहेरच्या भिंतीला चिकटलेल्या कपाटात कुबट वास आधी येतो तो यामुळेच, कारण ती भिंत खोलीपेक्षा थंड असते. शिवाय अनेक प्लॅस्टिकांत बीएचटी नावाचं रसायन मिसळलेलं असतं. हवेतल्या नायट्रोजन ऑक्साइडांशी त्याचा संयोग होऊन फिकट रंगाच्या कापडावर पिवळट डाग पडतात. सुती कापडाची पिशवी धूळही अडवते आणि वाफही जाऊ देते. छोटा आर्द्रतामापक कपाटात ठेवला तर अंदाज बांधत बसावं लागत नाही. सिलिका जेलच्या पुड्या लहान जागेत उपयोगी, अधूनमधून तापवून पुन्हा वापरता येतात. कॅल्शियम क्लोराइडचे डबे पाणी जास्त ओढतात, पण ते खाली द्रवरूपात साठतं. डबा लवंडला तर सुटाचं भलं होत नाही.

आणि भोकं? ती कसरीची. टिनिओला बिसेलिएला हा सोनेरी रंगाचा, सहा-आठ मिलिमीटरचा पतंग. गंमत म्हणजे हा पतंग काहीच खात नाही, त्याचं तोंड खाण्याच्या कामाचं नसतंच. खाते ती अळी. एक मादी चाळीस-पन्नास अंडी घालते, आणि उजेडाशी तिचं वाकडं, म्हणून कॉलरखाली, खिशाच्या तळाशी, पँटच्या दुमडीत घालते. कपाटाजवळ फडफडणारा पतंग मारून समाधान मानू नये. उडताना दिसतात ते बहुधा नर, आणि तोवर अंडी घालून झालेली असतात.

केराटिन पचवणं सोपं नाही. ज्या गंधकाच्या बंधांमुळे लोकर टिकते, त्यांच्यापुढे आपलं पोटही हात टेकतं. या अळीच्या आतड्यात मात्र ऑक्सिजन जवळपास नसतो आणि रस चांगलाच अल्कलीधर्मी असतो, त्यामुळे तिथे ते बंध तुटतात. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत लिंडरस्ट्रोम-लांग आणि दुस्पिवा यांनी १९३०च्या दशकात हे दाखवलं. तरी निव्वळ स्वच्छ लोकरीवर अळीची वाढ नीट होत नाही. तिला क्षार आणि जीवनसत्त्वं लागतात, आणि ती मिळतात घामातून, अन्नाच्या डागांतून. म्हणून कसर बगलेत, कॉलरवर, मांडीवर आधी लागते. सूट दीर्घकाळ ठेवायचा असेल तर स्वच्छ करूनच ठेवावा, तो यासाठी. ड्रायक्लीनिंगला देताना घामाचा डाग मुद्दाम दाखवावा. तिथला द्रावक तेलकटपणा काढतो, घामातले क्षार त्यात विरघळत नाहीत. मऊ ब्रश शिवणींतून फिरवला तर धुळीबरोबर अंडीही झडतात. इतकं साधं काम, आणि नेमकं तेच टाळलं जातं.

डांबरगोळ्यांबद्दल माझं मत आता बदललंय. नॅफ्थलिनची वाफ घट्ट बंद पेटीत दाट साचली तरच अळी मरते. सतत उघडझाप होणाऱ्या कपाटात कीड तगते आणि वास आपण हुंगतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने नॅफ्थलिनला कर्करोगाची शक्यता असलेल्या पदार्थांत धरलंय, आणि ज्या बाळांत जी-६-पीडी हे विकर कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी त्याने फुटू शकतात. सीडरच्या लाकडाचा सुवास फार तर नुकत्याच जन्मलेल्या अळ्यांना त्रास देतो, तोही लाकूड ताजं असेपर्यंत.

कसर लागल्याचा संशय असेल तर थंडीचा उपाय चांगला. कोट सैल घडी करून प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करायचा आणि उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवायचा. इथे मात्र पिशवी हवीच. बाहेर काढल्यावर कोट खोलीच्या तापमानाला येईपर्यंत ती उघडायची नाही, म्हणजे दवाचे थेंब पिशवीवर जमतात, कोटावर नाही.

माझ्या सुटाचे खांदे शिंपीकाकांनी वाफ देऊन, हाताने दाबून बरेच बसवले. रफूसाठी पँटच्या आतल्या शिवणीत सोडलेल्या जादा कापडातून धागे ओढले, त्यामुळे रंग तंतोतंत जुळला. दोन भोकं आता शोधूनही सापडत नाहीत. तिसरं कुठे आहे ते मला माहीत आहे, म्हणून दिसतं.