पोटदुखी-परीक्षण, प्राथमिक

पोटदुखी घेऊन आलेल्या रुग्णाची विचारपूस, निरीक्षण आणि हाताने तपासणी करून त्याला जागेवर उपचार द्यावेत, काही तासांनी पुन्हा पाहावे की शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात तत्काळ पाठवावे, हे ठरवण्याची पद्धती. रोगाचे अचूक नाव सांगणे हा या टप्प्यावरील मुख्य हेतू नसतो. या नोंदीत परिचर्येचे शिक्षण घेऊन स्वतंत्रपणे रुग्ण तपासू लागलेल्या नव्या आरोग्यसेवकाच्या दृष्टीने आणि मुख्यतः कोकण किनारपट्टीच्या संदर्भात या पद्धतीचा विचार केला आहे.

परिचारिकेने स्वतः रुग्ण तपासून निर्णय घेण्याच्या व्यवस्थेचा, म्हणजे ‘नर्स प्रॅक्टिशनर’ या पदाचा, आरंभ सामान्यतः अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात 1965 साली लोरेटा फोर्ड आणि हेन्री सिल्व्हर यांनी सुरू केलेल्या अभ्यासक्रमापासून मानतात. भारतात या नावाचे शिक्षण मुख्यतः अतिदक्षता आणि प्रसूतिसेवा या क्षेत्रांपुरते आहे. गावपातळीवर त्याच्या सर्वांत जवळचे पद म्हणजे 2018 पासून उपकेंद्रांवर नेमले जाणारे समुदाय आरोग्य अधिकारी. महाराष्ट्रात या पदावर परिचर्येच्या पदवीधरांबरोबर आयुर्वेदाचे पदवीधरही आहेत. डोंगराळ भागात साधारण 3,000 आणि सपाट प्रदेशात 5,000 लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असा निकष आहे. रुग्ण मात्र पदनाम पाहत नाहीत. त्यांच्या लेखी समोरची व्यक्ती ‘सिस्टर’ किंवा ‘मॅडम’ असते आणि पोट दुखू लागले की पहिली गाठ तिच्याशीच पडते.

संज्ञा आणि जुने वर्गीकरण : ‘पोट’ हा शब्द प्राकृतातील ‘पोट्ट’ या देशी शब्दापासून आला, याविषयी फारसे दुमत नाही, ‘पोट्ट’चे मूळ मात्र वादग्रस्त आहे. कन्नडमधील ‘होट्टे’ या शब्दाशी त्याचे नाते जोडून काही अभ्यासक तो द्राविड मूळाचा मानतात. संस्कृत व्युत्पत्ती समाधानकारक मिळत नसल्याने हे मत अधिक ग्राह्य वाटते. ‘शूळ’ हा संस्कृत ‘शूल’ असून शंकूने भेदल्यासारखी तीव्र वेदना होते म्हणून हे नाव पडले, असे स्पष्टीकरण सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात आले आहे. शूलाला स्वतंत्र अध्याय देऊन त्याचे आठ प्रकार मांडण्याचे काम माधवनिदान या रोगनिदानावरील ग्रंथात (बहुधा इसवी सनाचे सातवे ते आठवे शतक) झालेले दिसते : तीन एकेका दोषाचे (वात, पित्त, कफ), तीन दोन-दोन दोषांचे, एक सन्निपातज (तिन्ही दोषांचा) आणि एक आमज (न पचलेल्या अन्नाचा). यांशिवाय अन्न पचत असताना उठणारा परिणामशूल आणि अन्नद्रवशूल असे दोन प्रकार तेथे वेगळे सांगितले आहेत. आधुनिक काळातील काही वैद्यांनी यांपैकी पहिल्याची लहान आतड्याच्या आरंभीच्या व्रणाशी आणि दुसऱ्याची जठरव्रणाशी सांगड घातली आहे. दुखण्याची वेळ जेवणाशी जोडून पाहण्याची ती जुनी दृष्टी आजही उपयोगाची आहे. एकास एक अशी सांगड मात्र ओढूनताणून केलेली वाटते.

बोलीतील शब्द तपासणीत थेट कामी येतात. ‘मुरडा’ म्हटले की येऊन-जाऊन पिळवटणारे, बहुधा आतड्याचे दुखणे समजावे. ‘कळ’ ही लाटेसारखी येते. ‘जळजळ’ वरच्या पोटाची आणि बहुधा आम्लाची असते. ‘वायगोळा’, ‘गुबारा’ आणि ‘बेंबी सरकली’ ही रुग्णाने स्वतःच केलेली निदाने असतात. ती खोडून काढू नयेत, पण तेवढ्यावर थांबूही नये. मुरुडशेंग उगाळून दिली का, ओवा-हिंग घेतले का, कुड्याच्या सालीचा काढा झाला का, हे कोकणात आवर्जून विचारावे. कारण त्या उत्तरांतून दुखणे किती वेळापासून आहे आणि घरच्यांना ते किती गंभीर वाटले, हे आपोआप कळते.

विचारपूस : निदानाचा मोठा भाग येथेच होतो. जागा, सुरुवात, स्वरूप, पसरण आणि वाढवणाऱ्या-कमी करणाऱ्या गोष्टी यांची जंत्री सर्व पाठ्यपुस्तकांत असल्याने येथे दिलेली नाही. नव्या व्यक्तीकडून बहुधा सुटतो तो घटनांचा क्रम. शिकागोचे शल्यचिकित्सक जॉन मर्फी यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी आंत्रपुच्छदाहासाठी (अपेंडिक्सच्या दाहासाठी) आधी वेदना, मग मळमळ-उलटी, मग ताप असा क्रम सांगितला. उलटी आधी आणि पोटदुखी नंतर असेल, तर दूषित अन्नपाण्याने झालेल्या आजाराची शक्यता वाढते. मालवणी मुलखात ‘खंय दुखता?’ एवढे विचारून चालत नाही. ‘आधी खंय दुखत होतां, आणि आता खंय?’ असे विचारावे लागते. बेंबीभोवती सुरू झालेले अस्पष्ट दुखणे काही तासांनी उजव्या कुशीत स्थिरावले, तर आतड्याच्या नसांतून जाणवणारी वेदना आता पोटाच्या आतील अस्तरापर्यंत, म्हणजे पर्युदरापर्यंत, पोचली असे समजावे.

ब्रिटिश शल्यचिकित्सक झॅकरी कोप यांनी 1921 साली मांडलेला नियम अजूनही शिकवला जातो : एरवी बऱ्यापैकी निरोगी असलेल्या माणसाचे तीव्र पोटदुखणे सहा तास टिकले, तर त्यामागे बहुतेक वेळा शल्यचिकित्सेचा विषय असतो. क्ष-किरण वा रक्ततपासणी हाताशी नसलेल्या उपकेंद्रावर या नियमाचे मोल विशेष आहे.

पाळीचा प्रश्न वयात आलेल्या प्रत्येक स्त्रीला विचारावा आणि तो एकांतात विचारावा. सासू किंवा आई शेजारी बसली असता मिळालेले ‘वेळेवर आली’ हे उत्तर पुरावा मानू नये. ‘काकी, जरा बाहेर बसता का, मी हिचा बीपी घेते’ एवढ्या निमित्तानेही काम होते. पाळी चुकलेली, खालच्या पोटात एका बाजूला कळ, घेरी आणि खांद्याच्या टोकाला दुखणे ही अस्थानी, म्हणजे गर्भाशयाबाहेर राहिलेला, गर्भ फुटल्याची चिन्हे आहेत. लघवीवरून गरोदरपण ओळखण्याचा ‘निश्चय’ संच आशाताईंकडे असतो. तो अशा वेळी हाताशी असावा. मुलग्यांच्या बाबतीत लाज उलट बाजूने काम करते. वृषणाला पीळ पडलेला मुलगा ‘पोट दुखतंय’ एवढेच सांगतो, आणि हा अवयव वाचवण्यासाठी हाती साधारण सहाच तास असतात. म्हणून कपडे सैल करून जांघ आणि वृषण पाहिल्याशिवाय मुलाची वा पुरुषाची तपासणी पूर्ण झाली असे मानू नये. अडकलेला हर्निया चुकतो तोही याच संकोचामुळे.

मॅकबर्नी बिंदू : न्यूयॉर्कचे चार्ल्स मॅकबर्नी यांनी 1889 साली असे नोंदवले की, आंत्रपुच्छदाहात एका बोटाने दाबल्यास सर्वांत जास्त दुखणारी जागा श्रोणीच्या (कमरेखालच्या हाडांच्या कड्याच्या) पुढच्या-वरच्या हाडाच्या टोकापासून बेंबीकडे जाणाऱ्या सरळ रेषेवर दीड ते दोन इंचांवर असते. पुढच्या पाठ्यपुस्तकांनी याचे ‘रेषेचा बाहेरचा एक-तृतीयांश’ असे रूपांतर केले. मध्यम बांध्याच्या प्रौढात दोन्ही मापे जवळपास जुळतात. लहान मूल आणि स्थूल व्यक्ती यांच्यात ती जुळत नाहीत. शिवाय मॅकबर्नी सांगत होते ती दुखण्याची जागा. आंत्रपुच्छ नेमके तेथेच असते असा तिचा अर्थ घेणे हा नंतरचा विस्तार आहे. बेरियम देऊन काढलेल्या क्ष-किरण चित्रांत आंत्रपुच्छाचे मूळ बऱ्याच जणांत या बिंदूच्या खाली आढळले आहे. गरोदरपणात ते वर सरकते हे 1932 पासून रूढ झालेले मतही पुढील अभ्यासांनी पूर्णपणे मान्य केलेले नाही. मोठ्या आतड्यामागे दडलेले आंत्रपुच्छ पुढून दाबल्यास फारसे दुखत नाही. श्रोणीत लोंबणारे मूत्राशयाला व गुदाशयाला डिवचते, आणि वारंवार लघवी किंवा थोडे-थोडे पातळ शौच एवढेच घडते. पावसाळ्यात जुलाबाची साथ असताना असा रुग्ण सहज मिठ-साखरेच्या पाण्यावर घरी पाठवला जातो. या सर्व कारणांनी बिंदूपेक्षा घटनांच्या क्रमाला प्राधान्य देणारे मत येथे स्वीकारले आहे.

आल्फ्रेडो अल्वाराडो यांनी 1986 साली आंत्रपुच्छदाह ओळखण्यासाठी दिलेली दहा गुणांची मोजणी नव्या व्यक्तीला आकर्षक वाटते. मात्र त्यांतील तीन गुण पांढऱ्या पेशींच्या मोजणीवर अवलंबून आहेत. उपकेंद्रावर सातच गुण मोजता येतात, तेव्हा तेथे आलेली पाचाची बेरीज प्रयोगशाळेतील पाचाइतकी दिलासादायक नसते.

हाताने तपासणी : पाहणे, ऐकणे, ताडन (बोटांनी ठोकून पाहणे) आणि मग स्पर्श असा क्रम पोटासाठी सांगितला जातो, कारण दाबल्याने आतड्याचे आवाज बदलतात असे मानले जाई. तसे खरोखर बदलतात याला भक्कम आधार नाही. तरीही क्रम राखावा, कारण स्टेथोस्कोप ठेवल्याने रुग्ण सैल होतो आणि त्याच स्टेथोस्कोपने हलकेच दाबत त्याच्या चेहऱ्याकडे पाहता येते. हात आधी चोळून गरम करावा. गुडघे मुडपून झोपवावे. दुखत नसलेल्या कोपऱ्यापासून सुरुवात करावी, आणि नजर पोटावर न ठेवता कपाळावर ठेवावी. आठी पडते ती जागा तोंडी उत्तरापेक्षा खरी. लहान मुलाला आईच्या मांडीवरून उचलू नये. त्याचाच हात त्याच्या पोटावर ठेवून वरून आपला हात ठेवल्यास बहुतेक मुले रडायची थांबतात.

दाबून एकदम हात काढण्याची 1907 मधील ब्लुमबर्ग यांची चाचणी वेदनादायक आहे, आणि तीतून कळणारी गोष्ट रुग्णाला खोकायला लावून किंवा बोटांनी हलके ताडन करूनही कळते. मोटारसायकलवरून आणताना प्रत्येक खड्ड्याला कळवळला का, हे सोबत्याला विचारले तरी तेवढीच माहिती मिळते. फळीसारखे कडक पोट, न हलता पडून राहणारा रुग्ण आणि वेगवान नाडी ही पर्युदरशोथाची, म्हणजे पर्युदराच्या दाहाची, चिन्हे होत. याउलट मुतखड्याचा रुग्ण एका जागी स्थिर राहू शकत नाही.

कोकणातील विशेष : पोटाबाहेरची कारणे येथे अधिक लक्षात ठेवावी लागतात. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंशाची जागा बहुधा दिसत नाही, सूजही नसते. पहाटे पोटात कळ आणि उलट्या एवढीच तक्रार असते. अशा रुग्णाला वर पाहायला सांगावे. पापण्या जड झाल्या असतील, थुंकी गिळता येत नसेल किंवा आवाज बदलला असेल, तर तो पोटाचा रुग्ण नसून काही तासांत त्याचा श्वास थांबू शकतो. विंचूदंशावरील कार्यासाठी ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी ग्रामीण भागातील मण्यारदंशाच्या लक्षणांवरही लेखन केले आहे. पावसाळ्यात, विशेषतः भातलावणीच्या दिवसांत, ताप, पोटदुखी, लाल डोळे आणि पोटऱ्या दाबताच होणारी कळ एकत्र आली तर लेप्टोस्पायरोसिसचा विचार करावा. डेंग्यूत ताप उतरताना सुरू झालेली तीव्र पोटदुखी हे धोक्याचे चिन्ह मानले जाते. आंब्याच्या मोहोरावर फवारणी करून आलेल्या मजुराचे पोट मुरडत असेल, तोंडाला लाळ सुटली असेल आणि बाहुल्या टाचणीएवढ्या असतील, तर ती कीटकनाशकाची विषबाधा होय. बर्फाशिवाय राहिलेला बांगडा खाल्ल्यावर अर्ध्या-एक तासात चेहरा लाल होऊन पोट मुरडणे हे माशात साठलेल्या हिस्टामिन या द्रव्यामुळे असते आणि सहसा आपोआप ओसरते. उतारवयातील किंवा मधुमेही व्यक्तीचे छातीखालचे दुखणे ‘पित्त’ म्हणून सोडू नये. हृदयाच्या खालच्या भागाचा झटका असाच येतो.

मासेमारी नौकांवरील रुग्णांचा प्रश्न वेगळा आहे. नौका काही दिवस समुद्रात असते आणि आंत्रपुच्छ फुटून गेल्यावरच रुग्ण बंदराला लागतो. फुटल्यानंतर दुखणे काही काळ कमी होते, ही फसवी सुधारणा होय. 1 जून ते 31 जुलै या मासेमारीबंदीच्या काळात असे रुग्ण कमी असणे स्वाभाविक आहे.

वेदनाशामक आणि पाठवणी : निदान होईपर्यंत वेदनाशामक देऊ नये, हा जुना दंडक 1990 च्या दशकापासून झालेल्या चाचण्यांनी मोडीत काढला, योग्य मात्रेने निदान झाकले जात नाही. तोंडाने काही देऊ नये हा नियम मात्र शस्त्रक्रियेची शक्यता असलेल्या रुग्णासाठी कायम आहे. 108 क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रात 2014 पासून आहे, तरी खाडी, घाट आणि पावसाळी रस्ते यांमुळे पाठवायचा निर्णय अंतर जमेस धरून लवकर घ्यावा लागतो. दक्षिण सिंधुदुर्गातून ओरोसच्या जिल्हा रुग्णालयाखेरीज गोव्यातील बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाकडेही रुग्ण जातात. चिठ्ठीत ‘पोटदुखी’ एवढेच लिहू नये. दुखणे किती वाजता सुरू झाले, कोठून कोठे सरकले, शेवटचे अन्न आणि शेवटची पाळी कधी, कोणते औषध किती वाजता दिले, आणि दोन वेळा मोजलेली नाडी त्या-त्या वेळेसह लिहावी.